पेढीचा ड्राइव्ह कोणत्या मांडणीचा असावा ?

व्यापाऱ्याच्या पेढीवर पूर्वी जे स्थान वहीला असे, ते आता बव्हंशी संगणकाने घेतले आहे, हे सभासद बंधूंस निराळे सांगावयास नको. तथापि वहीत एक सोय होती. ती रिंग रोडवरील दुकानातून उचलून घरी नेली, घरून जळगावच्या शाखेत पाठविली, तरी तेथील मुनीम ती उघडून वाचू शकत असे. संगणकातील माहिती मात्र हातात मावणाऱ्या बाह्य ड्राइव्हवर घालून दुसरीकडे नेली, म्हणजे ती तेथे उघडेलच, असा भरवसा देता येत नाही. दुकानात विंडोजचा संगणक, डिझाइन काढणाऱ्या चिरंजीवांकडे मॅक, कारखान्यात भरतकामाचे यंत्र, कर सल्लागाराकडे आणखी निराळा संगणक, आणि या सर्वांमध्ये फिरणारा एकच ड्राइव्ह, हे दृश्य सुरतेच्या कापड बाजारात आज घरोघरचे झाले आहे. एके ठिकाणी तो चालतो, दुसरीकडे वाचता येतो पण त्यावर लिहिता येत नाही, तिसरीकडे तर तो मुळी दिसतच नाही. अशा वेळी ‘ड्राइव्ह बिघडला’ असे म्हणून नवा आणण्याची आपली रीत आहे. वास्तविक शंभरातील पुष्कळ प्रसंगी ड्राइव्ह धडधाकट असतो. बिघाड त्याच्या मांडणीच्या निवडीत असतो. ही मांडणी म्हणजे काय आणि ती निवडावी कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नव्या गोदामाची कल्पना करावी. चार भिंती आणि छप्पर एवढ्याने ते वापरण्याजोगे होत नाही. त्यात खण पाडावे लागतात, खणांना क्रमांक द्यावे लागतात, आणि कोणता माल कोणत्या खणात आहे याची यादी दाराशी ठेवावी लागते. ड्राइव्हचेही तसेच आहे. त्यावर खण पाडून यादीचे कोरे पान तयार करणे, यास ‘फॉरमॅट करणे’ म्हणतात. आणि खण केवढे, यादी कशी लिहावयाची, मालकाचे नाव नोंदवावयाचे की नाही, या सर्व नियमांचा जो संच, त्यास ‘फाइल सिस्टीम’ हे नाव आहे. लेखात सोयीसाठी त्यास आपण मांडणी म्हणू. मांडण्या अनेक आहेत, आणि प्रत्येक संगणकास त्या सर्व वाचता येत नाहीत.

येथे आपल्याकडील जुनी गोष्ट आठवते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील बहुतांश कागद मोडीत आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, मजकूर मराठीच. पण मोडी न येणाऱ्या पदवीधरासही त्यातील एक ओळ लागत नाही. व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीची तऱ्हा याहून विलक्षण. तीत काना-मात्रा गाळण्याचा प्रघात असल्याने ‘काकाजी अजमेर गेले’ हे पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मेले’ असे वाचून रडारड केली, ही कथा आपल्या वडीलधाऱ्यांकडून कोणी ऐकली नसेल? संगणक मात्र अशी ओढाताण करून वाचीत नाही. मांडणी ओळखीची नसेल, तर तो सरळ सांगतो की हा ड्राइव्ह कोरा आहे, तो फॉरमॅट करावा. या सल्ल्याने पुष्कळांचे नुकसान केले आहे. त्याकडे पुढे येऊच.

सर्वांत जुनी आणि आजही सर्वत्र चालणारी मांडणी फॅट या नावाची. तिचा आरंभ मायक्रोसॉफ्ट कंपनीत १९७७ साली झाला. हिची रचना मोठी सोपी आहे. फाइलीचे तुकडे ज्या खणांत ठेवले, त्या प्रत्येक खणापुढे ‘पुढील भाग अमुक खणात पाहावा’ एवढेच एका तक्त्यात लिहिलेले असते. जणू खात्याचे पान भरले, म्हणजे ‘बाकी पान १४२ वर’ असे आपण लिहितो, तसे. फ्लॉपीच्या काळापासून ही पद्धत वाढत वाढत १९९६ साली विंडोज ९५च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ या रूपात आली. सोपी आणि जुनी असल्याने ती विंडोज, मॅक, लिनक्स, दूरचित्रवाणी संच, मोटारीतील रेडिओ, छपाईची यंत्रे, सर्वांस कळते. सुरतेतील भरतकामाची कित्येक यंत्रे पेन ड्राइव्हवरून डिझाइन घेतात, ती हीच मांडणी मागतात. त्यांचा मेंदू लहान आणि जुना. त्यास दुसरी भाषा कोणी शिकविलेली नसते. ६४ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह यंत्रात घातला आणि यंत्राने त्याची दखलच घेतली नाही, तर कारागिरावर रागावू नये. ३२ जीबीहून मोठे पेन ड्राइव्ह व कार्डे पुष्कळदा कारखान्यातूनच निराळ्या मांडणीत येतात. यंत्रासाठी ८ किंवा १६ जीबीचा साधा पेन ड्राइव्ह फॅट-३२ करून वेगळा ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

मग सर्वत्र फॅट-३२च का वापरू नये? कारण तिच्या यादीत फाइलीचे आकारमान लिहिण्याचा रकाना अरुंद आहे. त्यात ४,२९,४९,६७,२९५ बाइट्स एवढाच आकडा जास्तीत जास्त मावतो. संगणकाच्या हिशेबाने हे चार जीबी, त्यातून एक बाइट वजा. याहून मोठी एकही फाइल त्या ड्राइव्हवर जाणार नाही, मग ड्राइव्हवर दोनशे जीबी जागा मोकळी का असेना. लग्नाच्या चित्रफितीची पाच जीबीची फाइल ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ‘मावत नाही’ असे संगणक म्हणतो, तेव्हा तो जागेविषयी बोलत नसून रकान्याविषयी बोलत असतो. डिजिटल छपाईच्या मोठ्या डिझाइन फाइली, दुकानातील कॅमेऱ्याचे लांब चित्रण, संपूर्ण वर्षाच्या हिशेबाची एकत्र बांधलेली प्रत, या तिन्ही गोष्टी आज चार जीबीची मर्यादा सहज ओलांडतात. शिवाय विंडोजमधील फॉरमॅटची नेहमीची खिडकी ३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हास फॅट-३२चा पर्याय दीर्घकाळ देतच नसे. हे बंधन मांडणीचे नव्हे, त्या खिडकीचे. मांडणी स्वतः नेहमीच्या ड्राइव्हवर दोन टीबीपर्यंत जाऊ शकते.

फॅट-३२ची दुसरी उणीव व्यापाऱ्यास चटकन कळेल. तिच्यात कीर्द नाही, नुसती खतावणी आहे. व्यवहार होताच तो प्रथम कीर्दीत टिपावा आणि मग खतावणीत चढवावा, हा आपला पूर्वापार शिरस्ता. दिवा गेला, मुनीम मधेच उठला, तरी कीर्द पाहून खाते पुरे करता येते. विंडोजची एनटीएफएस ही मांडणी नेमकी याच रीतीने चालते. ती १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. यादीत काही बदल करावयाचा झाल्यास तो आधी एका रोजनिशीत लिहावयाचा आणि मग प्रत्यक्ष करावयाचा. मधेच वीज गेली किंवा वायर उपसली गेली, तर पुढच्या वेळी संगणक ती रोजनिशी पाहून अर्धवट राहिलेले काम निस्तरतो. मात्र एक खुलासा हवा. ही रोजनिशी यादीची आहे, मालाची नव्हे. अर्धी लिहिलेली बिलाची फाइल ती पुरी करून देणार नाही. फक्त त्या गडबडीत सबंध गोदामाची यादी विस्कटू देणार नाही. फॅटमध्ये मात्र वीज गेल्यावर यादीच विस्कटण्याचा संभव राहतो. एनटीएफएसमध्ये कोणत्या फाइलीस कोणी हात लावावा याची नोंदही ठेवता येते, आणि फाइलीच्या आकारमानाची अडचण तर व्यवहारात जाणवतच नाही.

ज्या पेढीत सर्व संगणक विंडोजचे आहेत, तिने एनटीएफएस सोडून दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. अडचण येते ती मॅक घरात आल्यावर. मॅकला एनटीएफएस वाचता येते, लिहिता येत नाही. चिरंजीव दुकानातील ड्राइव्हवरून डिझाइन पाहू शकतील, सुधारलेले डिझाइन त्याच ड्राइव्हवर परत ठेवू शकणार नाहीत. त्यासाठी बाहेरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे पैसे देऊन मिळतात आणि ती बरी चालतात. पण मॅकची आवृत्ती बदलली की त्यांचीही आवृत्ती बदलावी लागते, आणि ती ज्या मॅकवर बसविली त्याच मॅकपुरती उपयोगाची. लिनक्सवर ही अडचण पूर्वीही काही प्रमाणात सुटलेली होती, २०२१च्या ५.१५ आवृत्तीपासून तर एनटीएफएसवर लिहिण्याची नवी सोय त्याच्या गाभ्यातच आली आहे.

मॅकची स्वतःची मांडणीही आहे. १९९८ पासून एचएफएस प्लस आणि २०१७ पासून एपीएफएस. दोन्ही आपापल्या घरी उत्तम. परंतु विंडोजला त्या मुळीच कळत नाहीत. लिनक्सच्या ईएक्सटी-४ची तीच गोष्ट. एकाच घरच्या वापरासाठी या मांडण्या ठीक, देवघेवीच्या ड्राइव्हवर त्यांचे काम नाही.

आता उपरोक्त धोक्याविषयी. मॅकच्या मांडणीचा ड्राइव्ह दुकानातील विंडोज संगणकास लावला, की पडद्यावर बहुधा एक सूचना येते: हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी तो फॉरमॅट करणे आवश्यक आहे; आणि तिच्याखाली ‘फॉरमॅट डिस्क’ असे ठळक बटण. दुकानातील नवशिका मुलगा संगणकाने सांगितले म्हणून ते दाबतो. दोन वर्षांची डिझाइने ज्याच्यावर आहेत, तो ड्राइव्ह अर्ध्या मिनिटात ‘कोरा’ होतो. मॅकवरही अनोळखी ड्राइव्ह लावल्यास ‘इनिशियलाइझ’, ‘इग्नोर’ आणि ‘इजेक्ट’ असे तीन पर्याय पुढे येतात. पैकी पहिला म्हणजे पुसून टाकण्याची वाट. गादीवर बसणाऱ्या प्रत्येकास, लहानथोर सर्वांस, एवढे पाठ करवून घ्यावे की, ओळखीचा ड्राइव्ह संगणकाने कोरा म्हटला, तर ‘कॅन्सल’ अथवा ‘इजेक्ट’ याखेरीज कशासही हात लावावयाचा नाही, आणि ड्राइव्ह जेथून आला त्या संगणकावर नेऊन पाहावयाचा.

चुकून फॉरमॅट झालेच, तर त्या ड्राइव्हवर एक अक्षरही न लिहिता तो काढून ठेवावा. त्वरित प्रकारच्या फॉरमॅटमध्ये बहुधा यादीच नवी होते, खणांतील माल काही काळ तेथेच असतो, आणि जाणकार मनुष्य तो परत मिळवून देऊ शकतो. पूर्ण प्रकारच्या फॉरमॅटमध्ये मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे प्रत्येक खणावर शून्ये लिहिली जातात; तेथे काही उरत नाही. नव्या एसएसडी प्रकारच्या ड्राइव्हांत तर त्वरित फॉरमॅटनंतरही जुना मजकूर लवकरच कायमचा नाहीसा होऊ शकतो. यास्तव तेथे परतीची आशा कमीच धरावी.

दोन्ही घरी चालणारी, आणि मोठ्या फाइली घेणारी, अशी मांडणी हवी असेल तर तिचे नाव एक्सफॅट. ती २००६ साली निघाली. २००८ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सुधारणा-संचाबरोबर ती घरगुती संगणकांवर आली. ॲपलने २०१०च्या अखेरीस मॅकवर तिला वाचण्या-लिहिण्याची सोय दिली. २००९ साली ठरलेल्या नव्या प्रकारच्या कॅमेरा-कार्डांसाठी हीच मांडणी नेमली गेली, म्हणून ३२ जीबीच्या वरची बहुतेक कार्डे आज तीच घेऊन येतात. बराच काळ तिचे नियम मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे असल्याने लिनक्सवर तिची ओढाताण होई. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने ते नियम प्रसिद्ध केले, आणि २०२०च्या ५.७ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात तिच्यासाठी चांगली सोय झाली. आयफोन व आयपॅड यांनाही २०१९च्या तेराव्या आवृत्तीपासून असा ड्राइव्ह थेट वाचता येतो. सारांश, विंडोज आणि मॅक यांच्यामध्ये फिरणाऱ्या ड्राइव्हास आज एक्सफॅट हीच रास्त निवड आहे, आणि याविषयी फार घोळ घालण्याचे कारण नाही.

पण तिचे दोन दोष माहीत असलेले बरे. पहिला, हिच्यातही कीर्द नाही. इतकेच नव्हे, तर फॅट-३२मध्ये खणांच्या तक्त्याची एक जादा प्रत ठेवण्याचा प्रघात आहे, तोही येथे सहसा नाही. लिहिणे चालू असता वायर ओढली, तर यादी बिघडण्याचा संभव खरा आहे. विंडोज १०च्या २०१८ सालच्या एका सुधारणेपासून बाह्य ड्राइव्ह झटकन काढण्याची सोय मूळचीच चालू असते, म्हणून अनेकांना ‘काहीच होत नाही’ असा अनुभव येतो आणि तीच सवय ते मॅकवर नेतात. मॅकवर ‘इजेक्ट’ केल्यावाचून ड्राइव्ह काढू नये. तसा काढला असता पुढच्या वेळी मॅक प्रथम संपूर्ण यादी तपासत बसतो. ड्राइव्ह मोठा असेल तर तो पडद्यावर दिसण्यास बराच वेळ लागतो. मंडळी घाबरून पुन्हा वायर उपसतात आणि दुखणे वाढवितात. अशा वेळी चहा मागवावा आणि थांबावे.

दुसरा दोष खणांच्या आकाराचा. एक खण, एक माल, असा नियम असल्याने लहान वस्तू ठेवली तरी तो खण सबंध अडतो. ३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटचे खण सामान्यतः १२८ केबीचे पाडतो. एनटीएफएसचे नेहमीच्या ड्राइव्हवर ४ केबीचे. भरतकामाच्या प्रचलित डीएसटी फाइलीत प्रत्येक टाक्यास तीन बाइट्स आणि आरंभी ५१२ बाइट्सचा मथळा असतो. म्हणजे वीस हजार टाक्यांच्या नक्षीची फाइल अवघी साठ केबीच्या आसपास. तिने १२८ केबीचा खण अडविला, की निम्म्याहून अधिक जागा वाया. बिलांचा हिशेब याहून बोलका आहे. प्रत्येकी २० केबीची एक लाख बिले ठेविली, तर एनटीएफएसवर ती सुमारे दोन जीबीत बसतील. एक्सफॅटच्या मोठ्या खणांत त्यांना बारा जीबीहून अधिक जागा लागेल. जागा आजकाल स्वस्त आहे हे खरे, पण दोन जीबीच्या पुडीला गाठोड्याचे भाडे कोण देईल? फॉरमॅट करताना ‘अलोकेशन युनिट साइज’ या रकान्यात ३२ केबी निवडल्यास ही गळती बरीच कमी होते. हा रकाना विंडोजच्या खिडकीत सहज मिळतो, म्हणून सामाईक ड्राइव्हचे फॉरमॅट विंडोजवर केलेले बरे. किंवा लहान लहान बिले महिन्यावारी एका झिप फाइलीत बांधून ठेवावीत. गाठोडे एकच, खणही मोजकेच, आणि नक्कल करण्यासही कमी वेळ.

आकाराचा विषय निघालाच आहे, तर एका संशयाचे निरसन करतो. एक टीबीचा ड्राइव्ह आणला आणि विंडोजने ९३१ जीबी दाखविले, म्हणजे विकणाऱ्याने मापात पाप केले असे नव्हे. तो हजारच्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४च्या पटीत. तोच ड्राइव्ह मॅकला लावावा; तेथे तो हजार जीबीच्या जवळपास दिसेल. गज आणि मीटर यांतला हा फरक समजावा.

दोन घरांत फिरणाऱ्या ड्राइव्हवर इतरही काही चमत्कार दिसतात. मॅकवर पुसलेली फाइल त्याच ड्राइव्हवरील एका लपलेल्या कचरापेटीत जाते. मॅकची कचरापेटी रिकामी करीपर्यंत जागा सुटत नाही, आणि दुकानात मात्र ‘सर्व पुसले तरी ड्राइव्ह भरलेला’ असा पेच पडतो. टिंबाने आरंभ होणाऱ्या नावांच्या बारीकसारीक फाइली विंडोजवर दिसू लागतात. त्या मॅकने आपल्या टिपणांसाठी ठेवलेल्या असतात, तो विषाणू नव्हे. भरतकामाचे यंत्र मात्र त्यांनाच डिझाइन समजून अडखळण्याचा संभव असतो, यास्तव यंत्राच्या पेन ड्राइव्हवर अखेरची नक्कल विंडोजवरून करावी. नावांचीही पथ्ये आहेत. आपल्या बिलाचा क्रमांक ‘सूरत/२५-२६/११७’ असा तिरप्या रेघांनी लिहिण्याची रीत आहे; विंडोजमध्ये फाइलीच्या नावात तिरपी रेघ, विसर्ग-चिन्हासारखी दोन टिंबे, प्रश्नचिन्ह, तारका चालत नाहीत. तेथे आडवी रेघ वापरावी. देवनागरी वा गुजराती नावे तिन्ही मांडण्यांत नीट राहतात. परंतु जुन्या यंत्राच्या लहानशा पडद्यावर त्यांच्या जागी चौकोन उमटतात, म्हणून तेथे रोमन अक्षरे व आकडे यांपुरतीच नावे ठेवावीत.

आता पेढीच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट. देवघेवीचा ड्राइव्ह आणि जतनाचा ड्राइव्ह एकच असता कामा नये. वस्तू व सेवा कराच्या कायद्यान्वये हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२४-२५ या वर्षाच्या विवरणाची नेहमीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ धरली, तर ती कागदपत्रे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवीत. आणि सुरतेत सहा-सात वर्षांत काय काय होऊ शकते, हे आपणांस माहीत आहे. ऑगस्ट २००६च्या तापीच्या पुरात उकाईचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरील दुकानांत वह्या, ताके आणि संगणक एकाच पाण्यात बुडाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटला आग लागून शेकडो दुकाने जळाली. माल पुन्हा उभा करता येतो, विम्याचा दावा लागतो. पण त्या दाव्यासाठी आणि उधारीच्या वसुलीसाठी लागणारा हिशेब दुकानातच जळाला असेल, तर येणे कोणाकडून किती, हे सांगणार कोण? ज्यांची एक प्रत घरी अथवा दुसऱ्या गावी असते, ते निदान आपले येणे कागदावर मांडू शकतात.

यास्तव जतनाचा ड्राइव्ह वेगळा असावा, तो एनटीएफएसचा असावा (मॅकवर हिशेब ठेवणाऱ्यांनी मॅकच्या मांडणीचा), आठवड्यातून एकदा दुकानात आणून नक्कल करून पुन्हा घरी न्यावा, आणि नक्कल झाल्यावर संगणकाला जोडून ठेवू नये. जोडून ठेवलेल्या ड्राइव्हवरील फाइलीही खंडणीखोर विषाणू कुलूपबंद करतात. कोणतीही मांडणी यापासून वाचवीत नाही. शक्य असल्यास असे दोन ड्राइव्ह ठेवून आळीपाळीने वापरावेत, आणि एक खानदेशातील वा मुंबईतील आप्तांकडे असावा. जतनासाठी पेन ड्राइव्हवर विसंबू नये. खणात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पेन ड्राइव्हातील मजकूर हळूहळू विरण्याचा संभव असतो. वर्षातून एकदा, दिवाळीतील वहीपूजनाच्या सुमारास, जुन्या ड्राइव्हवरील चार-दोन फाइली उघडून पाहण्याचा परिपाठ ठेवल्यास ही शंका राहत नाही.

हरवलेल्या ड्राइव्हचाही विचार हवा. ग्राहकांची नावे, दर, येणी, सारे उघडे करून तो रिक्षात राहिला तर? विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीतील बिटलॉकरने ड्राइव्हास परवलीचा शब्द लावता येतो. मग तो विंडोजच्या इतर संगणकांवरही शब्द घालून उघडतो, पण मॅकवर आपण होऊन उघडत नाही. दोन्हीकडे चालणारा सोपा मार्ग म्हणजे गोपनीय फाइली परवलीचा शब्द लावून बांधणे, आणि तो शब्द ड्राइव्हच्या पाठीवर चिठी चिकटवून न लिहिणे. हे सांगण्याची वेळ येते, म्हणून सांगतो.

हाती असलेल्या ड्राइव्हची मांडणी पाहणे सोपे आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या चित्रावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. ‘फाइल सिस्टीम’ या शब्दांपुढे नाव लिहिलेले असते. मॅकवर ‘गेट इन्फो’ उघडून ‘फॉरमॅट’ या शब्दापुढे पाहावे. ती बदलावयाची असल्यास आधी सर्व माल दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्यावा, उतरविलेल्या फाइलींपैकी काही उघडून खात्री करावी, आणि मगच फॉरमॅट करावा. कारण फॉरमॅट म्हणजे रिकामे करणे. यास एक अपवाद आहे. फॅट-३२चा ड्राइव्ह विंडोजवर ‘कन्व्हर्ट’ या आज्ञेने माल न हलविता एनटीएफएस करता येतो. उलट दिशेने तसे होत नाही, आणि एक्सफॅटवरूनही होत नाही. या अपवादाच्या वेळीसुद्धा एक नक्कल बाजूला काढलेली असावी.

काम झाल्यावर ड्राइव्हवर लहानशी चिठी चिकटवावी: ‘यंत्र, फॅट-३२’, ‘देवघेव, एक्सफॅट’, ‘जतन, एनटीएफएस, घरी ठेवावयाचा’. दुकानात नवा मुलगा आला, की त्यास प्रथम या तीन चिठ्या वाचावयास द्याव्यात, आणि ‘फॉरमॅट डिस्क’ हे बटण कसे दिसते, ते दाखवून ठेवावे.